पूर्वग्रह गेला तरी नळ येत नाही

व्हॉट्सॲपवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा आशय असा: मुंबईच्या लोकलमध्ये सरकून चौथी सीट देताना कोणी जात विचारत नाही. भेदभाव उरलाय तो काही माणसांच्या मनात. प्रत्येकाने आपला पूर्वग्रह टाकला की विषमता जाईल. ‘व्यवस्था’चं नाव घेणं ही मेहनत टाळायची सबब आहे; मेहनत करणाऱ्याला कोणी अडवत नाही, आणि व्यवस्थाही शेवटी माणसंच चालवतात. यातलं एकेक म्हणणं तपासून पाहू.

‘मुंबईत जात विचारत नाहीत.’

डब्यात विचारत नाहीत, खरं आहे. पण दादरला उतरून गौतम नगर किंवा कासारवाडीत जा. या महापालिकेच्या सफाई कामगारांच्या वसाहती. अमक्या जातीनेच झाडू मारावा असा नियम महापालिकेत नाही. तरीही रस्ता झाडणारे, कचरा उचलणारे पिढ्यानपिढ्या बहुतांश दलित समाजांतलेच का?

त्यासाठी दोन तरतुदी शेजारी ठेवून वाचायला हव्यात. सफाई कामगारांच्या प्रश्नांवर सरकारने नेमलेल्या लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगार निवृत्त झाला किंवा वारला, तर त्याच्या वारसाला नोकरी मिळते. आणि महापालिकेच्या सफाई खात्याने दिलेली खोली असते सेवा निवासस्थान, म्हणजे नोकरी संपली की खोली खाली करायची. आता वडिलांची निवृत्ती जवळ आलीय आणि मुलगा बी.कॉम. झालाय असं घर घ्या. खासगी नोकरीच्या सुरुवातीच्या पगारात दादर-परळला भाड्याची खोली परवडत नाही. वारसा हक्क घेतला तर कायम नोकरी हाती येते आणि डोक्यावरचं छप्पर टिकण्याची आशा राहते. मुलगा झाडू हातात घेतो. मुकादम भला, अधिकारी भला, शेजारी भले, तरी निकाल तोच.

याचा अर्थ वारसा हक्क काढून टाका असा नाही. तो काढला तर ती जागा कंत्राटात जाईल, आणि ते याहून वाईट. अडचण आहे ती घर नोकरीला बांधल्याची.

‘वाईट माणसं सुधारली की विषमता संपेल.’

मग कंत्राटाकडे बघा. त्याच रस्त्यावर, त्याच पाळीत दोघे झाडतात. एक कायम, दुसरा कंत्राटी. दुसऱ्याच्या वाट्याला पगारी रजा, पेन्शन, वारसा हक्क यातलं काही नाही. वस्त्यांमधल्या सफाईत तर झाडणाऱ्याला ‘स्वयंसेवक’ म्हणतात आणि त्याच्या मजुरीला ‘मानधन’. हे शब्द सहज आलेले नाहीत. स्वयंसेवक म्हटलं की मालक-नोकर हे नातंच कागदावर उरत नाही, आणि नातं नाही तर कामगार कायदेही लागू होत नाहीत.

अशा २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश औद्योगिक न्यायाधिकरणाने दिला. त्यावर शिक्कामोर्तब व्हायला एप्रिल २०१७ उजाडलं आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. एवढ्यावरही संपलं नाही. यादीतल्या नावाचं स्पेलिंग आणि कागदपत्रांतलं स्पेलिंग जुळत नाही म्हणून अनेकांचं प्रकरण पुढे अडलं. खिडकीवरच्या कारकुनाच्या मनात तिरस्कार असेल वा नसेल. ज्याचं नाव आयुष्यभर दुसऱ्यांनीच लिहिलं, त्याला तो नियम जास्त लागतो, एवढं मात्र नक्की.

घरांचंही तसंच. भाडेकरूला जात-धर्मावरून नाकारणारा मालक असतो, आणि तो पूर्वग्रहच. पण मालक तयार असला तरी सोसायटीचे उपविधी, म्हणजे तिचे लेखी नियम, आड येऊ शकतात. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली, सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणारा उपविधी वैध ठरवला. तिथे एखाद्या सभासदाचं मन बदलून दार उघडत नाही.

‘मेहनत करणाऱ्याला कोणी अडवत नाही.’

इथे पाण्याचा हिशेब मांडू. महापालिकेच्या निकषात इमारतीतल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर आणि झोपडपट्टीतल्या माणसाला ४५ लिटर पाणी धरतात. पाच जणांच्या घराला इमारतीत ६७५ लिटर, वस्तीत २२५. तेही काही घरांच्या सामाईक नळाला, ठरावीक वेळी. नळ दारापासून लांब असेल तर २० लिटरच्या कॅनने २२५ लिटर भरायला बारा खेपा होतात. पाणी पहाटे आलं तर अभ्यासाची वेळ जाते, सकाळी आलं तर शाळेची. खेपा बहुतेक घरांत मुलीच्या वाट्याला येतात. दहावीला तिचे काही मार्क कमी पडले, तर ते तिच्या आळसापायी गेले असं म्हणणाऱ्याने एकदा तो कॅन उचलून चढण चढावी.

आणि हे झालं ज्यांना नळ आहे त्यांचं. राज्य सरकारच्या १९९६ च्या परिपत्रकाने १ जानेवारी १९९५ नंतरच्या झोपड्यांना पाणी देणंच बंद केलं. त्यांना नळ द्यावा असं वॉर्डातल्या अभियंत्याला मनापासून वाटलं, तरी अर्ज परतच जायचा. कारण फाइलला हवा होता १९९५ पूर्वीचा पुरावा: मतदार यादीतलं नाव, वीजबिल, झोपडीचा सरकारी फोटोपास. भाड्याने राहिलेल्या, दोनदा झोपडी तुटलेल्या, गावी शेत नाही म्हणून उशिरा शहरात आलेल्या माणसाकडे नेमका हाच कागद नसतो. गावात शेत कोणाकडे नसतं, याचं उत्तर जातीपासून वेगळं काढता येत नाही.

‘व्यवस्थाही माणसंच चालवतात, मग मनच बदला.’

संदेशातलं हे सगळ्यांत वजनदार म्हणणं. नियम माणसंच लिहितात, आणि तो लिहिताना कोण डोळ्यांसमोर नव्हतं यात पूर्वग्रह असतोच. पण एकदा लिहिलेला नियम लिहिणाऱ्याच्या बदलीनंतर, निवृत्तीनंतर, मृत्यूनंतरही चालतो. १९९६ चं परिपत्रक वीस वर्षांच्या आसपास लोकांना तहानलेलं ठेवत राहिलं. वस्त्यांच्या पाण्यासाठी लढणाऱ्या पाणी हक्क समितीने याचिका केली, आणि डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, झोपडी बेकायदा असली तरी ते नाकारता येणार नाही. त्यानंतर महापालिकेला धोरण बदलावं लागलं. मनं बदलायची वाट पाहिली असती तर ती माणसं अजून टँकरवरच असती.

सफाई कामगारांच्या घराचंही उत्तर कागदावर आहे. राज्य सरकारच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर श्रमसाफल्य आवास योजनेत २५ वर्षं सेवा झालेल्या सफाई कामगाराला मालकीचं घर देण्याची तरतूद आहे. मालकीचं घर मिळालं की मुलाला झाडू घ्यायचा की नाही हे ठरवता येईल. जुन्या वसाहती पाडून महापालिकेच्या आश्रय योजनेत नव्या इमारती उभ्या राहतायत, पण त्यातली घरं पुन्हा सेवा निवासस्थानंच. तेव्हा आपल्या वॉर्डातल्या घनकचरा व्यवस्थापन खात्याकडे माहिती अधिकारात दोन आकडे मागा: २५ वर्षं सेवा पूर्ण झालेले कामगार किती, आणि त्यातल्या किती जणांना मालकीने घर दिलं. अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तराची मुदत तीस दिवस.