भिंतीवरची चित्रं पुसा म्हणणाऱ्यांना

दोन दिवसांपासून आमच्या वाशीच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. रस्त्याकडेच्या भिंतींवरची एचआयव्ही-एड्सबद्दल जागृती करणारी चित्रं पुसून टाका. ती खोटं सांगतात, मुलांना बिघडवतात, पैसा वाया घालवतात. मी सोडून देणार होते. पण तो कळव्याला मावशीपर्यंत पोचला आणि तिचा फोन आला, "पोळ्यावाल्या बाईंच्या नवऱ्याला तो आजार आहे म्हणतात. त्यांचा चहाचा कप वेगळा ठेवू का गं?"

म्हणून आधी त्याच मुद्द्याबद्दल. मेसेज म्हणतो, बाधित माणूस इतरांसोबत एका ताटात जेवतानाचं चित्र फसवं आहे, कारण एचआयव्ही उष्ट्यातून आणि डासांतून पसरतो. साफ खोटं! तो पसरतो असुरक्षित शरीरसंबंधातून, बाधित रक्तातून, दुसऱ्याने वापरलेल्या सुईतून आणि आईकडून बाळाला. थुंकीतून नाही, घामातून नाही. डास चावताना स्वतःची लाळ सोडतो, आधीच्या माणसाचं रक्त नव्हे, आणि विषाणू त्याच्या पोटातच पचून जातो. २०१६ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात 'पार्टनर' नावाचा अभ्यास छापून आला. युरोपातल्या १४ देशांतली ८८८ जोडपी, दोघांपैकी एकजण बाधित, पण औषधांनी रक्तातला विषाणू दाबलेला. कंडोमशिवाय सुमारे ५८ हजार वेळा संबंध आले आणि बाधित जोडीदाराकडून एकालाही लागण झाली नाही. आणि कपातून तर औषधं चालू नसली तरी लागण होत नाही. मावशी, त्या बाईंना रोजच्याच कपात चहा दे. आणि एचआयव्हीवरून कुणाला कामावरून काढणं हा भेदभाव आहे, २०१७ च्या कायद्याने त्याला मनाई आहे.

मेसेज पुढे म्हणतो, "त्यापेक्षा पूर्वीची कवटीची पोस्टर्स बरी, लोक घाबरायचे तरी." घाबरायचे, खरंय. पण घाबरलेला माणूस तपासणीला जात नाही, तो लपतो. विषाणू दाबून ठेवणारी एआरटी औषधं सरकारकडून २००४ पासून मोफत मिळताहेत, ती वेळेवर सुरू केली तर माणूस वर्षानुवर्षं नोकरी-संसार करतो. त्याला कवटी दाखवून काय सांगायचंय?

चित्रांनी काही होत नाही म्हणे. मेसेजच्या डोक्यावर एड्स-जागृतीची खूण असलेली जी लाल फीत चिकटवली आहे, ती १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या कलाकारांनीच तयार केली. आणि २००२ मध्ये मुंबईत होर्डिंगवरून एका काल्पनिक माणसाबद्दल 'बलबीर पाशाला एड्स होईल का' असं विचारत होते, तेव्हा लोकलच्या डब्यात लोक त्यावर मोठ्याने बोलत होते. तोवर हा विषय कुजबुजीतच होता. त्या मोहिमेत सेक्स वर्कर बायकांवर ठपका येतो अशी टीका झाली, आणि मला ती पटते. चित्र काढताना कुणाला दोषी दाखवतोय हे बघायलाच हवं.

मुलं बिघडतात यावर फार लिहीत नाही. मुलांच्या हातात मोबाइल आहे. भिंतीवर निदान खरी माहिती आहे.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. नुसती फीत, दोन हात आणि 'जागरूक रहा' एवढंच रंगवलेली भिंत फारशा कामाची नाही. वाचणाऱ्याने पुढे जायचं कुठे? तेव्हा चित्र पुसायचं पत्र देण्याऐवजी त्याखाली १०९७ ही मोफत हेल्पलाइन आणि सरकारी रुग्णालयातल्या मोफत तपासणी केंद्राचा पत्ता ठळक लिहा, असं पत्र महापालिकेला द्या. मसुदा मी आजच ग्रुपवर टाकते, सह्या करा.