क्लिपा लावल्या म्हणून फरशी लेव्हलमध्ये येत नाही

घराचं काम काढलेल्या लोकांमध्ये सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: टाइल लेव्हलिंगच्या क्लिपा आणि भिंतीवर लेव्हलची रेघ पाडणारा एक लेझर आणा, मग जुन्या मिस्त्रीची गरज नाही. पाणलेवल (लेव्हल बघायची पाणी भरलेली नळी), ओळंबा भंगारात द्या. सांधा न सोडता टाइल चिकटवून लावा. आणि पाइप टाकताना स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा बरोबर मध्ये आणा. मी साइटवर देखरेखीचं काम करते. हे वाचून लोक खरंच मिस्त्रीशी वाद घालू लागलेत, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी क्लिपा. क्लिपेची पातळ पट्टी शेजारच्या दोन टाइलांखाली जाते आणि वरून पाचर सारली की दोन्ही काठ एका पातळीत येतात. तिचं काम तिथेच संपतं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फरशी लेव्हलमध्ये आहे का, हे तिला कळायचा मार्गच नाही. खालचा कोबा खड्ड्याखड्ड्यांचा असेल, तर पाचर टाइलला वर ओढून धरते आणि खाली पोकळी राहते. दुसऱ्या दिवशी क्लिपा तोडल्यावर वरून सगळं सुरेख दिसतं. पुढे त्याच जागी कपाटाचा पाय येतो आणि टाइल तडकते. म्हणून आधी 2 मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी कोब्यावर आडवी-उभी फिरवून खड्डे भरून घ्या. ॲडहेसिव्ह दातेरी थापीने एकाच दिशेला ओढा, आणि मधूनच एखादी ताजी टाइल उचलून पाठ सगळीकडे माखली आहे का ते पाहा. हे करणारा हात अनुभवीच लागतो.

यातच आणखी एक गोष्ट येते. 600 × 1200 मिमीची लांब टाइल बहुधा मध्ये किंचित फुगीर असते. ती विटांसारखी अर्ध्यावर सरकवून लावली, तर एकीचा फुगवटा दुसरीच्या काठाशी येतो. तिथे पाचर कितीही आवळली तरी काठ पायाला लागतोच. सरकवायचीच असेल तर एक तृतीयांशापर्यंत.

लेझर उत्तम साधन आहे, मीही वापरते. पण साध्या लेझरमध्ये 10 मीटरला 3 मिमीच्या आसपास फरक गृहीतच धरलेला असतो, आणि तो एकदा हातातून पडला की फरक किती वाढला हे कोण सांगणार? भर उन्हात त्याची रेघ दिसत नाही, कोपऱ्यापलीकडच्या खोलीत ती वळत नाही. पाणलेवलची नळी वळते. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका आणि दोन्ही तोंडं उघडी ठेवा, की पाणी दोन्हीकडे एकाच उंचीवर उभं राहतं. लेझरची खात्री करायलाही मी तीच नळी लावते.

सांध्याबद्दल फार लिहायला नको. टाइल उन्हाने फुगते, तिला जागा लागते. घरात दोन टाइलांमध्ये किमान 2 मिमीचा स्पेसर, म्हणजे फट राखणारा छोटा तुकडा, घाला, गच्चीवर त्याहून जास्त, आणि भिंतीलगत स्कर्टिंगखाली झाकली जाईल अशी फट सोडा. जागा नसेल तर एखाद्या उन्हाळ्यात टाइलांची रांगच तंबूसारखी उठते.

सगळ्यात घातक सल्ला पाइपाचा. नळाला पाणी दाबाने येतं, त्या पाइपाला बुडबुडा मध्ये चालेल. सांडपाण्याचा पाइप मात्र निव्वळ ढाळावर चालतो. 4 इंची पाइपाला 1:40 हा जुना, पक्का हिशेब आहे, म्हणजे मीटरला 25 मिमी. 1 मीटरच्या लेव्हलपट्टीच्या खालच्या बाजूच्या टोकाखाली 25 मिमीचा ठोकळा ठेवा, आणि मग बुडबुडा मध्ये आणा. ठोकळ्याशिवाय तो मध्ये आला, तर मैला आत साचणार. बाथरूमच्या फरशीचंही तसंच. तिथे 1:60 चा ढाळ धरला, तर न्हाणीपासून, म्हणजे पाणी जायच्या जाळीपासून, 4 फुटांवरची टाइल सुमारे 20 मिमी वर हवी. माझ्या बहिणीच्या घरी हौसेने सगळं सपाट करून घेतलं होतं. आंघोळीनंतर पाणी दारापाशी थांबायचं, आणि शेवटी नवीकोरी फरशी फोडावी लागली.

सांध्यात भरलेलं ग्राउट वाळलं की मजुरीचा शेवटचा हप्ता देण्याआधी बाथरूमच्या लांबच्या कोपऱ्यात बादलीभर पाणी ओता, आणि ते न्हाणीपर्यंत जातं का, हे मिस्त्रीसोबत उभं राहून बघा.