पोस्टरवर पाच टक्के, खात्यात एक

विमानतळावर, मॉलमध्ये, चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी टीव्ही-फ्रिजच्या दुकानांच्या दारात टेबल मांडून क्रेडिट कार्ड विकणारे बसलेले असतात. ते पगार विचारतात, पॅन मागतात, आधार मागतात, तिथल्या तिथे फोटो काढतात. घरातला पैसा महिन्याला कुठे कुठे जातो, एवढं मात्र कोणी विचारत नाही. आणि ते न विचारताच ‘हे कार्ड तुमच्यासाठीच आहे’ म्हणून सांगतात. चीड येते ती याची. रिवॉर्ड कार्ड, म्हणजे खर्चावर पॉइंट किंवा काही टक्के पैसे परत देणारं कार्ड, फायद्याचं की तोट्याचं, हे त्या एकाच उत्तरावर ठरतं आणि तेवढंच नेमकं वगळलं जातं.

ही कार्डं मुंबई-बेंगळुरूचा माणूस डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली असतात. कॅबवर सूट, मेट्रोवर सूट, मल्टिप्लेक्सचं एकावर एक तिकीट. गोव्यात मेट्रो नाही, ओला-उबर चालत नाहीत. इथलं घर वेगळ्या रस्त्याने पैसा खर्च करतं. सकाळी पोदेराकडचा पाव, बाजारातली मासळी, नारळ, भाजी, गावातला पसरा (छोटं दुकान), घरातल्या दोन स्कूटरचं पेट्रोल, वीजबिल, मुलांची फी. यातल्या किती गोष्टींवर कार्ड काही देतं, ते एकदा कागदावर मांडून बघाच.

महिन्याला ४५,००० रुपये खर्च करणारं एक घर धरू. मासळी, भाजी, पाव, नारळ यांचे ११,०००. पेट्रोल ६,०००. वीज २,५००. शाळा आणि शिकवणी ५,०००. विम्याचे हप्ते महिन्याला वाटून ३,५००. किराणा ७,०००. औषधं २,०००. ऑनलाइन खरेदी ४,०००. बाहेरचं खाणं ३,०००. मोबाइल आणि इंटरनेट १,०००.

आता अटी काढा. जाहिरातीत तारांकनाखाली बारीक अक्षरांत असतात त्या. मासळीवालीकडे रोख द्यावी लागते, ते ११,००० आधीच गेले. इंधनावर बहुतेक कार्डांत पॉइंट नाहीत. विमा, शिक्षण, वीज-पाणी यांवर बऱ्याच कार्डांनी पॉइंट बंद केलेत किंवा इतके कमी केलेत की मोजण्यात अर्थ नाही. म्हणजे आणखी १७,००० बाद. उरले १७,०००. त्यातही जाहिरातीच्या पोस्टरवरचे पाच टक्के फक्त ऑनलाइन खरेदी आणि बाहेरच्या खाण्याच्या ७,००० वर, म्हणजे ३५० रुपये. बाकीच्या १०,००० वर एक टक्का, म्हणजे १०० रुपये. एकूण ४५० रुपये. पंचेचाळीस हजारांवर साडेचारशे म्हणजे रोख एक टक्का. वर्षाचे ५,४००. त्यातून वार्षिक फी ९९९ आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळजवळ १,१७९ रुपये वजा करा. हातात राहतात ४,२२१. हा हिशेब एका कागदाच्या पाठीवर दोन मिनिटांत होतो. विकणाऱ्याला तो येत नसेल तर त्याने विकू नये. येत असूनही तो सांगत नसेल, तर ती सरळ लबाडी आहे.

हाही हिशेब सगळं सुरळीत झालं तरचा. प्रत्यक्षात गाडी अडते ती दुकानाच्या कोडवर. कार्ड घेणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला एक चार आकडी वर्ग दिलेला असतो. सुपरमार्केट ५४११, औषधाचं दुकान ५९१२, पेट्रोल पंप ५५४१, उपाहारगृह ५८१२, मद्यपानाची जागा ५८१३, हॉटेल-लॉज ७०११. कार्डाला तुम्ही काय खाल्लं ते दिसत नाही, हा आकडा दिसतो. आणि गोव्यात निम्म्या पाट्यांवर ‘बार अँड रेस्टॉरंट’ लिहिलेलं असतं! मशीन देणाऱ्या बँकेने त्या जागेला ५८१३ लावला असेल तर तुम्ही नुसती फिश थाळी जेवून उठलात तरी ‘डायनिंग’चे जादा पॉइंट जाऊ शकतात. रिसॉर्टमधल्या रेस्टॉरंटचं बिल ७०११ खाली गेलं तरी तेच. ग्राहकाला हा कोड बिलावर दिसत नाही, आधी विचारायची सोय सहसा नसते. महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये पॉइंट कमी आले की मग कळतं. नेहमीच्या जागेचा कोड जाणून घ्यायचा तर सोपा उपाय एक. तिथे एकदा लहान रकमेचं बिल कार्डाने द्यायचं, पॉइंट किती पडले ते पाहायचं आणि मग ठरवायचं.

पेट्रोलचं तर डोकं फिरवणारं प्रकरण आहे. ‘इंधन अधिभार माफ’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं आणि लोक ते बक्षीस समजतात. ते बक्षीस नाही. कार्डाने पेट्रोल भरलं म्हणून लावलेला एक टक्क्याचा जादा आकार परत मिळतो, इतकंच. त्यावरचा जीएसटी परत येत नाही. शिवाय माफी बहुतेक कार्डांत ४०० किंवा ५०० रुपयांपासून पुढच्या व्यवहाराला आणि महिन्याला ठरावीक रकमेपर्यंतच. गोव्यात घरटी स्कूटर आहे. स्कूटरवाला २०० चं, ३०० चं पेट्रोल भरतो. त्याच्या प्रत्येक फेरीवर अधिभार लागू शकतो आणि माफी एकदाही मिळत नाही. २०० रुपयांवर दोन रुपये आणि छत्तीस पैसे, वर पॉइंट शून्य. अशा माणसाच्या गळ्यात ‘इंधन लाभ’ असलेलं कार्ड घालणं हा निव्वळ फसवण्याचा धंदा आहे. तेल कंपनीच्या जोडीने निघालेल्या कार्डावर खरे पॉइंट मिळतात, पण त्याच कंपनीच्या पंपावर. तुमच्या रोजच्या वाटेवर दुसऱ्या कंपनीचा पंप असेल तर ते कार्ड घेऊ नका. चार किलोमीटर वळसा घालून मिळवलेला पॉइंट त्या वळशाच्या पेट्रोलमध्येच जातो.

पॉइंट म्हणजे रुपये नव्हेत, हे तर कुठल्याच टेबलावर सांगत नाहीत. ‘दर १५० रुपयांना ४ पॉइंट’ ऐकायला भरघोस वाटतं. पॉइंटची किंमत २५ पैसे असेल तर १५० ला एक रुपया, म्हणजे पाऊण टक्क्याहून कमी. त्यातही पूर्ण दीडशेच मोजतात. १४९ च्या बिलाला शून्य. २९० च्या बिलाला तेच चार पॉइंट, म्हणजे एका टक्क्याच्या जेमतेम एक तृतीयांश. पसऱ्यावर रोज लहान लहान बिलं करणाऱ्या घराला ही पद्धत पिळून काढते. पॉइंटची किंमतही एक नसते. बिलातून वजा करायला एक भाव, व्हाउचरला दुसरा, विमान तिकिटाला तिसरा, आणि कॅटलॉगमधल्या मिक्सरला सगळ्यात वाईट. वर अनेक कार्डांत पॉइंट वापरायची ९९ रुपयांसारखी फी आणि तिच्यावर जीएसटी. दोन-तीन वर्षांत वापरले नाहीत तर अनेक कार्डांत पॉइंट संपतात. म्हणून ज्यांचा खर्च लहान आणि विखुरलेला आहे त्यांनी पॉइंटच्या नादी न लागता थेट बिलात जमा होणारा कॅशबॅक बघावा. दर कमी दिसला तरी चालेल. मात्र महिन्याची कॅशबॅकची कमाल मर्यादा किती, तेही त्याच वेळी विचारा.

यूपीआयवर रुपे क्रेडिट कार्ड चालायला लागलं तेव्हा पसऱ्यावरच्या खर्चाला खरा मार्ग मिळाला. २०२२ पासून ही सोय आहे. पण व्हिसा-मास्टरकार्ड तिथे चालत नाही, फक्त रुपे. आणि क्यूआर व्यापारी खात्याचा हवा. म्हापशाच्या बाजारात किंवा मडगावच्या मासळी मार्केटात समोरचा क्यूआर एखाद्याच्या वैयक्तिक खात्याचा असेल तर क्रेडिट कार्डाचे पैसे जातच नाहीत. यात त्या विकणाऱ्या बाईचा दोष नाही. लहान दुकानदाराला २,००० रुपयांपर्यंत या व्यवहारावर शुल्क पडत नाही, त्यापुढे पडतं, म्हणून मोठ्या बिलाला तो नको म्हणतो. त्याच्यावर ओरडू नका, ते शुल्क त्याच्या नफ्यातून जातं. राग बँकांवर काढा. जाहिरातीत यूपीआय दाखवायचं आणि अटींत यूपीआय व्यवहारांचे पॉइंट निम्मे करायचे किंवा त्यांवर महिन्याची मर्यादा घालायची, हे उद्योग त्यांचे.

विमानतळावरच्या लाउंजबद्दल, म्हणजे कार्ड दाखवून बसायच्या खास खोलीबद्दल, चार ओळी पुरेत. आदल्या तिमाहीत ठरलेला खर्च केला तरच आत सोडतात, अशी अट आता सर्रास आहे. गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ. तुम्ही जिथून उडता तिथलं लाउंज यादीत आहे का ते बघायचं. वर्षातून एकदा थिवीहून नाहीतर मडगावहून रेल्वेने मुंबईला जाणाऱ्या कुटुंबाने यासाठी एक रुपया फी भरू नये.

चवथीच्या तोंडावर ‘नो कॉस्ट इएमआय’चा, म्हणजे बिनव्याजी म्हणवणाऱ्या हप्त्यांचा, मारा होतो. व्याजाएवढी सूट किमतीत दाखवतात, पण व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी बसतो, प्रक्रिया शुल्क लागतं, त्याच्यावर पुन्हा जीएसटी, आणि बऱ्याच कार्डांत इएमआयच्या खरेदीला पॉइंटच नाहीत. एकरकमी पैसे दिले असते तर दुकानदाराने जी सूट दिली असती तीही गेली. दुकानात उभं राहून दोनच आकडे मागा: आज पूर्ण भरले तर किती, आणि सगळे हप्ते मिळून शुल्कासकट किती. उत्तर द्यायला कां-कू केली की परत फिरा.

‘टप्पा’ हे आणखी एक आमिष. वर्षाला तीन लाख खर्च केले तर २,००० चं व्हाउचर. वरच्या घराचा मोजला जाणारा खर्च महिन्याला १७,०००, वर्षाला २,०४,०००. म्हणजे दोन हजारांसाठी ९६,००० ची नको असलेली खरेदी करायची. फी माफीच्या अटीचंही तसंच. त्या हिशेबातूनही पुष्कळदा घरभाडं, इंधन, वॉलेटमध्ये भरलेले पैसे वगळलेले असतात, आणि लोक वर्षभर ‘आपला आकडा झाला’ म्हणून निर्धास्त राहतात.

आणि सगळ्यात संतापजनक म्हणजे बिलावर ठळक छापलेली ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे त्या महिन्यात किमान भरायची रक्कम. ती भरली की काम झालं असं वाटावं अशाच जागी ती छापतात. ती भरून विलंब शुल्क फक्त टळतं. महिन्याला ३.७५ टक्के व्याज असलेल्या कार्डावर २०,००० मागे राहिले तर ७५० रुपये व्याज आणि १३५ जीएसटी, एकूण ८८५. वरच्या घराचे जवळजवळ दोन महिन्यांचे पॉइंट एका महिन्यात साफ. व्याज खरेदीच्या तारखेपासून लागतं, आणि बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. ज्याला दर महिन्याला पूर्ण बिल भरणं जमत नाही त्याला रिवॉर्ड कार्ड विकणं हा अन्याय आहे. त्याने व्याजदर बघून कार्ड घ्यावं, नाहीतर घेऊच नये. मांडवीवरच्या कॅसिनोत कार्ड घासणाऱ्यांनीही ऐकावं: तो व्यवहार रोख उचल धरला जाऊ शकतो, आणि रोख उचलीला पहिल्या दिवसापासून व्याज आणि वेगळी फी.

सही करण्यापूर्वी बँकेचं आणि यूपीआयचं बारा महिन्यांचं स्टेटमेंट काढा. एकाच महिन्याचं चालणार नाही. विमा, फी आणि चवथीचा खर्च वेगवेगळ्या महिन्यांत येतो. खर्चाचे गट पाडा. मग कार्डाच्या अटींतली ‘यावर पॉइंट मिळणार नाहीत’ ही यादी आधी वाचा, फायद्यांची नंतर. वगळलेलं खोडा, मर्यादेपुढचं खोडा, उरलेल्यावर दर लावा, जीएसटीसकट फी वजा करा. दोन कार्डांत वर्षाला चार-पाचशेचाच फरक निघाला तर बिनफीचं घ्या.

अर्जासोबत एका पानाचं महत्त्वाच्या माहितीचं पत्रक देणं बँकेला बंधनकारक आहे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत अटी सोप्या भाषेत, शक्यतो इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत असाव्यात असं लिहिलंय. गोव्यात १९८७ च्या कायद्याने कोकणी राजभाषा आहे आणि सरकारी कामात मराठीलाही जागा आहे. मग टेबलावर मराठी किंवा कोकणी पत्रक का नाही? मागा ते. इंग्रजी बारीक अक्षरांचे चाळीस परिच्छेद पुढे करून ‘इथे सही करा’ म्हणणाऱ्याला आधी ते पत्रक आणायला सांगा.

न मागता कार्ड आलं तर चालू करू नका. तीस दिवसांत चालू झालं नाही तर बँकेने ओटीपीने संमती विचारायची असते, आणि संमती नसेल तर विनाखर्च खातं बंद करायचं असतं. जुनं कार्ड बंद करायला सांगितलं की बाकी शून्य असताना सात कामाच्या दिवसांत बंद झालं पाहिजे. फोनवरचा माणूस ‘फी माफ करतो, पॉइंट देतो’ म्हणत घोळवत ठेवतो; त्याला न जुमानता लेखी विनंती करा, पोच आणि तारीख जपून ठेवा. ती मुदत उलटली की दर दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे आहेत. ते मागा. बँकेकडे केलेल्या तक्रारीला तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. तिला पैसे पडत नाहीत.