रस्त्याची ओसरी

परवा छत्री लोकलमध्येच विसरले. व्हीटीला उतरले (सीएसएमटी म्हणायची सवय अजून व्हायचीय) तर बाहेर धो धो पाऊस. तरीही फ्लोरा फाउंटनपर्यंत (म्हणजे हुतात्मा चौकापर्यंत) जवळजवळ कोरडी पोचले. गल्ल्या ओलांडताना काय भिजले असेन तेवढंच. सगळी कृपा दादाभाई नौरोजी रोडच्या कमानींची.

हा पूर्वीचा हॉर्नबी रोड. १८६०च्या दशकात मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत फोर्टची तटबंदी पडली आणि पुढे हा रस्ता रुंद झाला. १८९६ मध्ये इथल्या इमारतींसाठी नियम आला: तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूने कमानींखालची वाट लोकांना चालायला ठेवायची. वरचे मजले कसेही बांधा! म्हणून मान वर केली की कुठे गॉथिक, कुठे ग्रीक थाटाचे खांब, आणि खाली मात्र एकच लांबलचक ओसरी. मालकाच्या इमारतीत, पण सगळ्या गावासाठी.

मला हा नियम त्या कोरीवकामाहूनही देखणा वाटतो. पॅरिसचे काचेच्या छपराचे पॅसेज सुंदरच, पण त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी रात्री फाटक लागतं. मॉलमध्ये तर आत शिरतानाच पर्स उघडून दाखवायची. इथे कोणी विचारत नाही, काय घ्यायचंय म्हणून.

गैरसोय आहेच. पथारीवाल्यांच्या मोबाइल कव्हरांमधून आणि सेंटच्या बाटल्यांमधून अंग चोरत चालावं लागतं. मी त्यांच्यावर चिडतेही आणि त्यांच्याकडूनच चार्जरही घेते. दुकानांच्या पाट्यांनी तर एके काळी कमानीच झाकल्या होत्या. आभा नारायण लांबा या वास्तुविशारद बाईंनी दुकानदारांना सोबत घेऊन त्या पाट्या शिस्तीत बसवल्या. २००४ मध्ये युनेस्कोच्या वारसा पुरस्कारांत त्या कामाचा गौरव झाला.

आणि व्हाइटवे लेडलॉची इमारत! साहेबांच्या विलायती मालाचं दुकान होतं ते. पुढे तिथेच खादी भांडार आलं. त्या कमानीखाली उभी राहिले की मला दर वेळी हसू येतं.

आमच्या उपनगरात नुकताच एक टॉवर झाला. रस्त्याच्या बाजूला काय आलं? उंच कंपाउंड वॉल आणि वॉचमनची केबिन. काल तिथेच बसची वाट बघत होते. छत्री अजून घेतलेली नाही. वॉचमन केबिनमध्ये कोरडा होता, मी नव्हते.