ययाती झालात काय, वैनी?

परवा वाचनालयात पुस्तक परत करायला गेले तर तिथे रोज पेपर वाचत बसणारे आमचे एक निवृत्त मास्तर (नाव घेत नाही, ते फेसबुकवर आहेत) माझ्या पिशवीतलं दुसरं पुस्तक बघून म्हणाले, "वैनी, ह्या वयात ही पोरासोरांची प्रेमप्रकरणं? ययाती झालात काय, तरुणपण उसनं घेताय?" सगळे हसले. मीपण हसले, कारण टोला खरंच चांगला होता. पण स्कूटरवरून घरी येईपर्यंत डोक्यात दहा उत्तरं तयार झाली, नेहमीप्रमाणे सगळी उशिरा, म्हणून इथे लिहितेय. मास्तर, वाचा आणि लाईक करा.

तर मी, वय वर्षं ४४, वेंगुर्ला तालुका, काजू फॅक्टरीत हिशेब बघते, आणि मला यंग अॅडल्ट रोमान्स (म्हणजे शाळा-कॉलेजच्या वयातल्या मुलांसाठीच्या प्रेमकथा), जुन्या गोष्टी नव्याने सांगणाऱ्या फँटसी आणि कॉमिक्स ह्या तीन गोष्टी वेड्यासारख्या आवडतात. चोरून नाही, उघड आवडतात. फॅक्टरीत टेबलावर ठेवते, कव्हरला पेपर घालत नाही.

आता ययातीचंच घ्या ना. खांडेकर १९२० ते १९३८ आमच्या शेजारच्या शिरोड्याला शाळेत शिकवायचे, हे इथल्या प्रत्येक माणसाला पाठ, 'ययाति' आली १९५९ मध्ये, १९७४ मध्ये ज्ञानपीठ, हेही पाठ. पण ती कादंबरी आहे काय हो नक्की? महाभारतातली एक छोटीशी गोष्ट उचलली, त्यात राजा एकदा बोलतो, देवयानी एकदा बोलते, शर्मिष्ठा एकदा बोलते, प्रत्येकजण आपापली बाजू मांडतो, एका राजावरून दोन मैत्रिणींचं वैर. मी आज जी पुस्तकं वाचते त्यात अगदी हेच असतं, फक्त त्याला आता मल्टिपल पीओव्ही म्हणतात आणि कव्हरवर सोनेरी वेलबुट्टी असते. 'मृत्युंजय'मध्येही तेच, कर्ण बोलतो, कुंती बोलते, वृषाली, शोण, दुर्योधन, शेवटी कृष्ण. हे वाचून आमची अख्खी पिढी रडली आणि त्याला कुणी टाइमपास म्हटलं नाही. मग माझ्या पुस्तकात ग्रीक चेटकीण स्वतः बोलायला लागली तर काय बिघडलं? होमरच्या काव्यात ती येते, माणसांची डुकरं करते, ओडिसियसला काही काळ ठेवून घेते आणि कथा पुढे निघून जाते. २०१८ च्या 'सर्सी' कादंबरीत तीच बाई पहिल्यापासून स्वतःचं सांगते, बेटावरचं एकटेपण, औषधी वनस्पती, मंत्र, बाळंतपण, सगळं. ते मी एका पावसाळ्यात वाचलं, बाहेर समुद्र नुसता गर्जत होता, लाइट गेलेली, आणि मला बेटावरच असल्यासारखं वाटत होतं.

एक गंमत सांगते. १९६७ साली 'मृत्युंजय' आली, त्याच साली इरावती कर्व्यांचं महाभारतावरच्या लेखांचं 'युगान्त' आलं, त्याच साली अनंत पैंनी 'अमर चित्रकथा' सुरू केली, का तर म्हणे टीव्हीवरच्या एका क्विझमध्ये मुलांना ग्रीक देवांची उत्तरं आली आणि रामाच्या आईचं नाव आलं नाही. आणि त्याच साली तिकडे अमेरिकेत एस. ई. हिंटन नावाच्या मुलीची 'द आउटसायडर्स' आली, जिच्यापासून आजचं यंग अॅडल्ट धरतात, तेव्हा तिचं वय १८. म्हणजे माझं अख्खं कपाट एका सालातून निघालंय. योगायोग आहे, मला माहितीय, पण मला असले योगायोग भारी आवडतात.

'युगान्त' काढलंय तर आणखी एक. द्रौपदीवरच्या लेखात बाई आधी सगळं काटेकोर, पुराव्याने लिहितात आणि शेवटी सांगून टाकतात की इथून पुढची माझी नरोटी. नरोटी म्हणजे नारळाची रिकामी कवटी, बिनकामाची वस्तू. आणि त्या नरोटीत हिमालयाच्या वाटेवर पडलेली द्रौपदी आहे, तिच्याशेजारी भीम आहे, आणि ती त्याला म्हणते की पुढच्या जन्मी तू थोरला हो. मी अकरावीत वाचलं होतं, वाचनालयाच्या जिन्यात बसून, आणि तो एवढा मोठा भीम तिला विचारतो की मी तुझ्यासाठी काय करू, तिथे माझा घसा दाटला तो आजतागायत दाटतो. हा रोमान्स नाही तर काय आहे? महाभारतात नाही, बाईंनी रचलाय, आणि रचलाय हे स्वतः कबूल केलंय. आज पोरी ह्याला फॅनफिक्शन म्हणतात. आणि बिनकामाची कशाने? आमच्याकडे करवंटी कोण टाकून देतं? डाव होतो तिचा, नाहीतर न्हाणीत चुलीखाली जाते आणि त्यावर तापलेल्या पाण्याने सगळं घर आंघोळ करतं.

बरं, हे झालं पुस्तकांचं. दशावतार बघून मोठी झालेली माणसं मला रिटेलिंग म्हणजे काय ते विचारतात ह्याचं जास्त नवल वाटतं. जत्रेत रात्री पालखी झाली, आडदशावतार (आख्यानाआधीचा भाग) झाला, संकासुराने मालवणीतून सगळ्यांची टर उडवून झाली की आख्यान सुरू, आणि त्याला लिहिलेली संहिता नसते, पेटी आणि पखवाजाच्या मागे बसून आधी ठरतं आज काय करायचं आणि मग नट समोरासमोर येऊन जागेवर संवाद रचतात. त्यातला राजा कुठल्या पुराणात आहे ते विचारू नका, नसतोच कित्येकदा, शापित राजपुत्र, कपटी राणी, मध्येच साक्षात शंकर. बोर्डावर 'ट्रिकसीनयुक्त' असं लिहिलेलं असतं म्हणजे धूर, लाइट आणि कुणाचंतरी मुंडकं. मी दहा वर्षांची असताना आईबरोबर गोणपाटावर बसून बघत होते, हातात खाजं, आणि मध्येच लघवीला म्हणून देवळामागे गेले तर मघाशी रडून रडून सगळ्या बायकांना रडवणारी राणी नऊवारीचा काष्टा सावरत विडी ओढत उभी होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "काय गे चेडवा, झोप इली?" आणि विडी विझवून परत जाऊन रडायला लागली. आणि मी पण परत येऊन रडले! खोटं आहे हे डोळ्याने बघून आल्यावरसुद्धा. तिथे माझ्या एका बाजूला चार वर्षांचं पोर होतं, दुसऱ्या बाजूला ऐंशीची आजी. वयाचा दाखला कुणी मागितला नाही.

कॉमिक्सचंही तेच. मामाच्या ट्रंकेत इंद्रजाल कॉमिक्सचे जुने अंक होते, त्यातला फँटम मराठीत 'वेताळ' म्हणून यायचा, चालतंफिरतं भूत. आता आरवलीचा वेतोबा आमच्यापासून जवळ, त्याला लोक हे एवढे मोठे चामड्याचे जोडे वाहतात कारण तो रात्री गावभर फिरतो आणि जोडे झिजतात. तर मला बरीच वर्षं वाटायचं की हे दोघं नात्यातले, एक आफ्रिकेच्या जंगलात राखण करतो आणि एक इथे, आणि फक्त आमच्यावाल्याला जोडे लागतात. पिंगुळीचे ठाकर चित्रकथी तर किती पिढ्या हेच करतायत, रामायण-महाभारताच्या चित्रांची पोथी, एकेक चित्र समोर धरायचं, गाऊन गोष्ट सांगायची, झालं की पुढचं. २०२१ ला परशुराम गंगावणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्यांनी अभिमानाचे स्टेटस ठेवले, मास्तर तुम्हीपण ठेवलात. आणि मी चित्रांचं पुस्तक धरलं की मी पोरकट.

आईला एकदा 'हार्टस्टॉपर' दाखवलं. २०१६ ला वेबकॉमिक म्हणून सुरू झालेलं, शाळेतल्या दोन मुलांच्या प्रेमाचं. त्यात एक झोपलाय आणि दुसऱ्याचा हात त्याच्या हाताच्या जवळ, लागत नाहीये, नुसता वर थबकलाय, आणि मधल्या जागेत चित्रकाराने बारीक बारीक ठिणग्या काढल्यायत. शब्द जवळजवळ नाहीतच. आई कोकमं फोडत बसलेली, हात लाल, म्हणून पानं मी उलटत होते. ती बघत राहिली आणि म्हणाली, "हात धरूक एवढी पाना कित्याक?" म्हटलं आई, त्याचीच तर मजा आहे. "मगे धरता काय नाय?" म्हटलं पुढे बघ. तर बाईने हात धुतले, पदराला पुसले आणि पुस्तक स्वतःकडे ओढून घेतलं. दोन मुलगे आहेत ह्यावर ती काही बोलली नाही, मीही बोलले नाही.

आणि फॅक्टरीत! जेवणाच्या सुट्टीत सोलणीवाल्या बायका विचारतात काल काय वाचलंस, आणि मी सांगते. 'सिंडर' सांगितली, २०१२ ची, सिंड्रेलाचीच गोष्ट पण ती मेकॅनिक आहे, अर्धी माणूस अर्धी मशीन, एक पाय धातूचा, आणि राजवाड्यातून पळताना बूट नाही, तो पायच सुटतो. डबा खाता खाता एकजण थांबली. "म्हणजे ता चेडू पायच थय टाकून इला?" हो. "मगे राजपुत्र काय पाय घेऊन गावभर फिरतलो?" अख्खा शेड हसला आणि मी हिशेबाला अर्धा तास उशिरा बसले. दुसऱ्या दिवशी बारा वाजायच्या आधीच हाक, "पुढचा सांग."

आता सगळं गोड गोड नाहीये, तेही सांगते नाहीतर म्हणाल वैनी आंधळी झाली. ह्या फँटसीतल्या पाचशे वर्षांच्या अमर राजपुत्राला सतरा वर्षांचीच मुलगी का लागते हो? पाचशे वर्षांत काही शिकला नाही? आणि एक गोष्ट सहा भागांत ताणायची, चौथ्या भागात नुसतं चालत जातात, त्यापेक्षा आमची एसटी बरी. रिटेलिंगमध्ये हल्ली प्रत्येक खलनायिकेला वकील मिळालाय, ती बिचारी कधी चुकलेलीच नसते, तिला फक्त कुणी समजून घेतलं नाही. मला चुकलेली बाई हवी. चुकलेली आणि तरी आवडणारी.

आणि खरं दुखणं वेगळंच आहे. हे मराठीत का नाही? लहानपणी 'चांदोबा' होता, 'किशोर' होता (तो १९७१ पासून आहे, अजून चालू आहे, घ्या पोरांना), फास्टर फेणे होता. आणि त्यानंतर एकदम 'ययाति'. मधे काय? चौदा ते अठरा ह्या वयात, जेव्हा आपल्याला काय होतंय हे कुणाला विचारायची सोय नसते, तेव्हा मराठीत हाताला लागेल असं फार थोडं. मी चौदाची असताना वर्गातल्या एका मुलाने माझ्या सायकलची चेन बसवून दिली आणि हात ग्रीसने काळे करून एक शब्द न बोलता निघून गेला. त्या एका गोष्टीचं काय करायचं हे मला दोन वर्षं कळलं नाही. ते सांगणारं पुस्तक मला वयाच्या चाळिशीत मिळालं, तेही इंग्रजीत, शब्द अडला की मोबाईलवर बघत बघत. मला वेंगुर्ल्याच्या बंदरावरची, एसटी स्टँडवरची, बारावीच्या रिझल्टच्या दिवसाची प्रेमकथा हवी आहे. गोड शेवटाची. कुणीही मरायचं नाही, कुणी मुंबईला जाऊन विसरायचं नाही.

असो. तर मास्तर, ययाती मी झालेच असेन तर माझा पुरू, ययातीला आपलं तरुणपण देणारा मुलगा, म्हणजे माझी भाची, कुडाळला असते, बारावीला. पुस्तकं ती मागवते, आधी ती वाचते, मग मला मिळतात. तिचा धाकटा भाऊ 'वन पीस' वाचतो, जपानी कॉमिक, उजवीकडून डावीकडे वाचायचं, १९९७ पासून चालू आहे आणि शंभरावर भाग झालेत, सगळे समुद्री चाचे. इंग्रज आंग्र्यांना चाचेच म्हणायचे हे त्याला सांगितल्यापासून तो कुठलाही जलदुर्ग बघायला एका पायावर तयार असतो, जे शाळेच्या सहलीला कधी जमलं नाही.

गेल्या आषाढात भाचीने एक पुस्तक थेट माझ्या पत्त्यावर मागवलं. कुरिअरवाल्याने ते गडग्यावरून आत फेकलं आणि गेला, फोन नाही काही नाही. मी संध्याकाळी घरी आले तर पुस्तक फुगून पावासारखं. दर दहा पानांमागे रद्दी घातली, दोन दिवस पंख्याखाली ठेवलं, कडेने इस्त्रीसुद्धा फिरवली, सगळं सुटलं पण बाविसावं प्रकरण चिकटून वडी झाली ती झालीच. आणि नेमकं त्यात ते दोघं पहिल्यांदा भांडण सोडून बोलतात! भाचीने आधी वाचलेलं होतं, तिने फोनवर पाऊण तास मला ते प्रकरण सांगितलं, आवाज काढून, पावसात भिजणं, होडी, तो म्हणतो हे, ती म्हणते ते. मी खोबरं खवता खवता ऐकलं. सहा महिन्यांनी दुसरी प्रत हातात आली तर त्यात होडी नाहीच. पाऊसही नाही. एका लायब्ररीत उभे राहून चार वाक्यं बोलतात आणि जातात. तिला विचारलं तर म्हणे, "मावशी, ते फारच फिकं होतं गं." मला अजूनही होडीवालंच खरं वाटतं.

आता मी वाचतेय त्या मालिकेचा पाचवा भाग संपलाय, नायक दरीत पडलाय आणि नायिकेला वाटतंय त्यानेच दगा दिला, आणि सहावा भाग भाचीकडे आहे, पण परीक्षा आहे म्हणून माझ्या बहिणीने सगळी पुस्तकं कपाटात घालून कुलूप लावलंय. कारण बरोबर आहे, माझी तक्रार नाही. पण ताई, मी तुला टॅग केलंय, माझी परीक्षा नाहीये गे. रविवारी येतेय, तिला क्लासला पाठव आणि चावी काढून ठेव.