नावं ठेवणारं नाक

मित्र मला फळांची ब्रँडी चाखायला घेऊन गेला, तेव्हा चाखायची म्हणजे प्यायची अशी माझी भाबडी समजूत होती. ती पाच मिनिटांत उतरली. आधी बघायचं, मग हुंगायचं, परत हुंगायचं, मग चहाच्या चमच्याएवढा घोट तोंडात घोळवायचा आणि त्यावर बोलायचं. घोटाला माझी हरकत नव्हती. बोलण्याला होती.

डिस्टिलरी अगदी लहान. तांब्याचं एक पोटफुगं भांडं आणि त्याच्याशी लेकरासारखं बोलणाऱ्या मालकीणबाई. तांबंच का, तर आंबवलेल्या फळातले गंधकाचे नकोसे वास ते धरून ठेवतं. 100 किलो नाशपाती आंबवून गाळल्या की हाती येते साधारण 10 लिटर ब्रँडी. हे ऐकून माझी बोटं ग्लासाभोवती आपोआप आवळली. "दांडीला धरा, तापेल," बाई म्हणाल्या. फार गारही चालत नाही म्हणे, वास मिटून बसतो. 16-18 अंशांवर ती खुलते. इतके नखरे मी फक्त नव्या जावयांचे पाहिले आहेत.

हुंगण्याचंही शास्त्र असतं. वाइनसारखा ग्लास गरागरा फिरवायचा नाही, नाहीतर 40 टक्के अल्कोहोल थेट नाकात घुसतो. ग्लास छातीपाशी धरून हळूहळू वर आणायचा आणि तोंड किंचित उघडं ठेवायचं. आम्ही सहा जण आ वासून ओळीने उभे होतो. दाताच्या डॉक्टरांनी सगळ्यांना एकदम बोलावल्यासारखे.

"काय जाणवतंय?" बाईंनी विचारलं.

एका गृहस्थांना पाऊस पडून गेलेली बाग जाणवली. मित्राला एथिल डेकाडायेनोएट जाणवलं. नाशपातीच्या वासामागचं हे रसायन त्याने येताना गाडीत पाठ केलं होतं. मी त्याचा साक्षीदार आहे. माझी पाळी आली.

"स्पिरिट," मी म्हणालो.

"ते आहेच," बाई मायेने म्हणाल्या. मित्र छताकडे बघू लागला.

मग त्यांनी एक वेगळा ग्लास सगळ्यांच्या हातून फिरवला. "हे प्यायचं नाही हं. फक्त वास घ्या." कुणाला जर्दाळू आला, कुणाला मध. माझ्या तोंडून निघून गेलं, "नेलपॉलिश पुसायचं ते."

शांतता. मित्राने मला कोपराने ढोसलं.

"अगदी बरोबर!" बाई म्हणाल्या.

गाळताना सुरुवातीला जे येतं, त्यात एथिल ॲसिटेट भरपूर असतं. त्याला हाच वास. ते बाजूला काढतात. म्हणजे आपल्याकडे छाती फुगवून सांगतात ती 'पहिल्या धारेची' इथे चक्क टाकून देतात! मधला भाग, म्हणजे काळीज, तेवढा बाटलीत जातो. शेवटचा पुन्हा वेगळा. तो शेवटचाही त्यांनी हुंगायला दिला.

"ओला पुठ्ठा," मी म्हणालो. "त्यावर कुत्रं झोपून गेलेलं."

बाईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. बागवाले गृहस्थ माझ्याकडे सरकले. मित्राच्या चेहऱ्यावर 'मीच आणलंय याला' असा भाव उमटला. आता खरा ग्लास आला, काळजाचा, आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

मी ग्लास वर आणला, आ वासला, श्वास घेतला. आणि खरंच सांगतो, काहीतरी झालं. स्पिरिट बाजूला सरलं आणि मागून जे आलं ते इतकं गोड, इतकं ताजं होतं की मी डोळे मिटले. नाकाला सगळं कळत होतं. जिभेला एक शब्द सुचत नव्हता. सगळे थांबले होते.

"नाशपाती," मी म्हणालो.

समोरच्या बाटलीत अख्खी नाशपाती होती. फळ बोराएवढं असतानाच फांदीला बाटली बांधतात, मग ते आतच वाढतं. या माहितीचा त्या क्षणी मला काडीचा उपयोग नव्हता.

बागवाले पुन्हा आपल्या जागी गेले. गाडीत मित्राने निकाल दिला, "तुला नाव देता येत नाही. नावं ठेवता येतात." यात नवीन काही नाही, घरचे हे वर्षानुवर्षं फुकट सांगत आलेत.

पण आठवड्याने बाईंचा फोन आला. पहिली धार कुठे संपली आणि शेवटची कुठे सुरू झाली, हे ठरवायला नाक लागतं, आणि बिघडलेलं पटकन ओळखणारं नाक दुर्मीळ असतं. पुढच्या गाळपाला याल का? दिवसभर भट्टीपाशी बसावं लागेल.

मी छाती फुगवून हो म्हणालो. मित्राला आधी कळवायचं ठरवलं.

"आणि एक," बाई म्हणाल्या, "नाक ताजं राहायला हवं. त्या दिवशी प्यायला मात्र काही मिळणार नाही."