वासाच्या वस्तू

अस्वलाला हिंगाचा वास येतो का, हा प्रश्न वयाच्या 63व्या वर्षापर्यंत मला पडला नव्हता. बडोद्यात पडायचं कारणही नव्हतं. आमच्याकडची अस्वलं तिकडे दाहोद जिल्ह्यात, रतनमहालच्या अभयारण्यात. मोहाची फुलं आणि वाळवी खाऊन ती सुखी आहेत. दांडिया बाजारातल्या आमच्या फोडणीशी त्यांचं काही देणंघेणं नाही. ते जडलं मुलामुळे.

मुलगा ह्यूस्टनला असतो. नोव्हेंबरात आम्ही दोघं त्याच्याकडे जाणार हे ठरलं आणि मे महिन्यातल्या एका रविवारी त्यानं व्हिडिओ कॉलवर जाहीर केलं, "बाबा, या वेळी मॉल नाही, देऊळ नाही. आपण पाच जण तंबूत राहायला जायचं. तीन रात्री. बिग बेंड."

मग सूनबाईंनी नकाशा दाखवला. रिओ ग्रांदे नदी टेक्सास आणि मेक्सिकोच्या सीमेवरून वाहताना एका जागी कोपर दुमडावं तशी वळते. त्या वळणाच्या कुशीत हे राष्ट्रीय उद्यान. 1944 साली झालेलं, तीन हजार चौरस किलोमीटरहून मोठं. चहूकडे चिवावाचं वाळवंट आणि त्यात मधोमध चिसोस नावाची अख्खी डोंगररांग. ह्यूस्टनहून गाडीनं दहाएक तास.

"वाळवंट?" ही पदरानं वारा घेत म्हणाली. बाहेर 43 अंश होते. "उकाडाच हवा असेल तर इथं काय कमी आहे? तोही घरपोच."

पण हे वाळवंट तसं सरळ नाही. डोंगरातली तंबूची जागा 5,400 फुटांवर आणि नदीकाठची 1,850 फुटांवर. वर नि खाली दहा-अकरा अंशांचा फरक सहज पडतो. म्हणजे एकाच सहलीला सुती झबली आणि माकडटोप्या दोन्ही. बडोद्यात पारा 15 वर आला की अंगात दोन स्वेटर चढवणारी माणसं आम्ही. त्याच दिवशी ट्रंक उघडली गेली आणि भर मे महिन्यात घरभर डांबरगोळ्यांचा वास सुटला. वास हा या सहलीचा खरा विषय आहे, याची ती पहिली खूण. तेव्हा मला ती कळली नाही.

बुकिंगचं आधी सांगून टाकतो, कारण त्यात माझी अब्रू गेली आहे. तंबूची जागा सहा महिने आधी खुली होते आणि चांगल्या जागा बघता बघता जातात. मुलाला त्या वेळी मीटिंग, म्हणून कामगिरी माझ्यावर आली. आपल्याकडचे संध्याकाळचे साडेसात. ही देवापुढे दिवा लावून रामरक्षा म्हणते आहे, शेजारचे जयेशभाई नैतिक पाठिंब्याला खुर्ची ओढून बसले आहेत, मी माऊसवर बोट ठेवून सज्ज. जागा खुल्या झाल्या, मी एक पकडली, पुढचं पान आलं. तंबू किती? लिहिलं. माणसं किती? लिहिलं. गाडीची लांबी किती? इथं मी थांबलो. 35 वर्षं गाडी चालवली, पण तिची लांबी कुणी विचारली नव्हती. शिंपी माणसाची मापं घेतो, पण गाडीची? मी टेप घेऊन खाली धावलो आणि आमची गाडी मोजली. जिना चढून वर आलो तेव्हा ध्यानात आलं, की तिकडे न्यायची गाडी ती नव्हे. तोवर ती जागा गेली, तिच्या शेजारचीही गेली. शेवटी डोंगरात दोन रात्री आणि नदीकाठी एक, अशी मोडतोड पदरात पडली. "रामरक्षा मध्येच तुटली तुमच्या त्या टेपपायी," असा ठपकाही मिळाला.

दुसऱ्या दिवशी मुलानं नियम पाठवले. लाकडं पेटवायची नाहीत, म्हणजे शेकोटी बाद. वाळवंट कोरडं, ठिणगी पुरते. पाणी माणशी रोज निदान एक गॅलन धरायचं. मी हिशोब केला: पाच माणसं, चार दिवस, 76 लिटर. आमच्या न्हाणीघरातल्या बादलीनं चारएक बादल्या, आणि त्यात अंघोळ धरलेलीच नाही. फोनला रेंज बहुतेक ठिकाणी नाही. इथवर ही शांत होती. मग तो नियम आला.

चिसोसमध्ये काळी अस्वलं आहेत. म्हणून तंबूत वासाची वस्तू ठेवायची नाही. वासाची म्हणजे नुसतं खाणं नव्हे. साबण, टूथपेस्ट, क्रीम, सगळंच. प्रत्येक जागेपाशी एक लोखंडी पेटी असते, अस्वलाला उघडता येऊ नये अशा कडीची. सगळं तिच्यात बंद करायचं आणि मगच झोपायचं.

या अस्वलांबद्दल मला आधी आदर वाटला. विसाव्या शतकाच्या मध्याला ती या डोंगरांतून पार नाहीशी झाली होती. कुणी आणून सोडली नाहीत. 1980च्या दशकात मेक्सिकोतल्या डोंगरांतून, वाळवंट तुडवून, नदी ओलांडून आपली आपणच परत आली. ना मुलाखत, ना बोटांचे ठसे. आम्ही दोघं व्हिसासाठी बँकेची पासबुकं, घराचे कागद आणि लग्नाचा दाखला घेऊन पहाटेच्या गाडीनं मुंबईला गेलो होतो.

शिवाय जावेलिना नावाचा एक प्राणी आहे. दिसायला रानडुकरासारखा, नजर अधू आणि नाक तिखट. त्याच्या स्वतःच्याच अंगाला उग्र दर्प येतो. तरी खाण्याच्या वासावर येऊन तंबू फाडतो म्हणे.

"वासाच्या वस्तू," ही सावकाश म्हणाली आणि स्वयंपाकघराकडे बघत राहिली. मीही बघितलं. गोडा मसाला, मेतकूट, लसणीची चटणी, भाकरवडी, लिलो चेवडो, हिंगाची डबी, आणि ती डबी ज्या डब्यात ठेवतात तो डबा, कारण हिंग एका डब्याला ऐकत नाही. या घरात वास नसलेली वस्तू शोधायची तर पाटा-वरवंटा. त्यालाही असणार.

जयेशभाई म्हणाले, "थेपलां लई जजो, बगडशे नहीं." थेपली बिघडणार नाहीत हे खरंच. ती अस्वलाला आवडतील का, एवढाच प्रश्न होता.

हार मानेल तर ती ही कसली! सुनेकडून तिनं पेटीचा फोटो मागवला. सून पूर्वी मैत्रिणींबरोबर जाऊन आलेली. पेटीशेजारी उभी असलेली सून, सुनेची उंची ठाऊक, त्यावरून हिनं अंदाज बांधला आणि बैठकीतल्या फरशीवर रांगोळीनं त्या मापाचा चौकोन काढला. दोन दिवस ती त्यात डबे लावत होती. मोठा उभा, लहान आडवा, चटणीची बरणी कोपऱ्यात, थेपल्यांची चळत फॉइलमध्ये गुंडाळून मधल्या फटीत. मांडायची, उभी राहून कंबरेवर हात ठेवून बघायची, पुन्हा काढायची. सोळा डबे बसले. माझी बामची बाटली रेषेवर आली तेव्हा तिनं ती पायानं अलगद बाहेर सारली. गुडघ्याला बाम चोळल्याशिवाय मला झोप लागत नाही. मी विचारलं, "बाम पेटीत आणि बाम लावलेला गुडघा तंबूत, हे अस्वलाला चालेल का?" मुलानं अर्धा मिनिट विचार केला आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही दुपारी लावून घ्या."

आमच्या बडोद्याजवळच्या पावागढ डोंगरावरच्या सरावाबद्दल फार लिहीत नाही. बिग बेंडमधलं सर्वांत उंच एमरी शिखर 2,385 मीटर, पावागढ आठशेच्या आसपास. म्हणून मुलाचा आग्रह, की आधी पावागढ पायी चढा. आम्ही माचीपर्यंत गाडीनं गेलो, तिथून पायऱ्यांकडे आदरानं बघितलं आणि रोपवेचं तिकीट काढलं. आता तिकडेही मी विंडो व्ह्यू नावाची वाट धरणार आहे. जाऊन-येऊन अर्धा किलोमीटर, फरसबंद, आणि दोन डोंगरांच्या फटीतून सूर्यास्त दिसतो. शिखर तरुणांनी बघावं.

राहिली रंगीत तालीम. भाच्याचा तंबू आणून गच्चीवर लावला. सिमेंटमध्ये खुंट्या ठोकता येईनात, म्हणून एक दोरी पाण्याच्या टाकीला, एक कपड्यांच्या तारेच्या खांबाला, आणि उरलेल्या दोन टोकांवर विटा. पेटी म्हणून जुनी गव्हाची पत्र्याची कोठी. हिनं खाण्याचे डबे, साबण, टूथपेस्ट सगळं कोठीत भरलं, झाकणावर वरवंटा ठेवला आणि मुलाला फोटो पाठवला. बाम मी दुपारीच लावला होता. रात्री आम्ही तंबूत आडवे झालो. तारे किती दिसतात ते मोजलं. नऊ. बिग बेंडचं रात्रीचं आकाश इतकं काळंभोर, की 2012 साली त्याला आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्कचा मान मिळाला. आमच्या गच्चीला समोरच्या मंगल कार्यालयाचा हॅलोजन.

पहाटे पाचला मी खाली जाऊन आलो आणि तंबूची चेन लावायची राहिली. सहाच्या सुमाराला उशी हलली. मला वाटलं ही उठवते आहे. डोळे उघडले तर तोंडाशी काळाकुळकुळीत हात. मनगटाला करडे केस, लांबसडक बोटं, नखं व्यवस्थित. चांगला थोराड हुप्प्या. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. उशीखाली हात घातला, भाकरवडीची पुडी काढली, टाकीवर जाऊन बसला आणि एकेक भाकरवडी दोन्ही हातांत धरून नीट बघून खाऊ लागला. कोठीकडे तो फिरकलाही नाही.

रात्री-अपरात्री साखर उतरली तर असावी, म्हणून ठेवली होती. चारच होत्या.

ही उठून बसली. आधी टाकीवर बघितलं, मग उशीकडे, मग माझ्याकडे. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. नाश्त्याच्या वेळी तिनं फ्रिजवरची सामानाची यादी खाली काढली, 'वासाच्या वस्तू' या मथळ्याखाली सतरावा आकडा घातला आणि त्यापुढे लिहिलं: हे.